एसएसडी टाकली तरी डेटाबेस हळूच वाचतोय? मग हे करून बघा

एनव्हीएमई, म्हणजे थेट पीसीआयईवर बसणाऱ्या फास्ट एसएसडीच्या खोक्यावर सात-आठ लाख आयओपीएस (सेकंदाला किती वाचणं-लिहिणं जमतं तो आकडा) छापलेले असतात आणि तुमची एक साधी सिलेक्ट क्वेरी मात्र आठ-नऊ सेकंद लोळत पडते, डोकं फिरतं की नाही? माझंही फिरलेलं. मग माणूस सर्च मारतो, शेड्युलर बदला, नोएटाइम लावा, रीडअहेड शून्य करा असले ऑपरेटिंग सिस्टीमच्या सेटिंगचे पंधरा उपाय सापडतात, ते सगळे एकदम करून टाकतो आणि क्वेरी जिथल्या तिथे. मी यात दोन अख्ख्या रात्री घालवल्यात म्हणून सांगतोय.

आधी तो खोक्यावरचा आकडा समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. एकाच वेळी शेकडो रिक्वेस्ट डिस्कवर टाकल्या तरच तो आकडा येतो. एसएसडीच्या पोटात नँड फ्लॅशच्या भरपूर चिप असतात, वेगवेगळ्या चॅनेलवर वाटलेल्या, सगळ्यांना एकदम कामाला लावलं की मगच लाखांची भाषा. एका वेळी एकच रिक्वेस्ट दिली, ती परत आली, मग दुसरी दिली असं चाललं तर एका रँडम रीडला साधारण ८० ते १०० मायक्रोसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला जेमतेम १० ते १२ हजार. आणि डेटाबेसमधली एकटी क्वेरी बऱ्याचदा अशीच वाचते, इंडेक्समधून पत्ता काढला, पेज (डेटाचा ठरावीक आकाराचा तुकडा) मागवलं, वाट बघत बसली, आलं की पुढचा पत्ता. डिस्क सात लाखवाली असो की तीन लाखवाली, या क्वेरीला काही सोयरसुतक नाही.

त्यामुळे करायचं काय, तर एकतर डिस्कपर्यंत कमीत कमी वेळा जायचं, आणि जायचंच असेल तर एकदम बऱ्याच रिक्वेस्ट घेऊन जायचं. कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची) बटणं त्याच्यानंतर, आणि त्यातली निम्मी तर आजकाल आधीच बरोबर जागी असतात.

आधी मोजा, मग हात लावा

पोस्टग्रेस असेल तर ट्रॅक_आयओ_टायमिंग हे सेटिंग ऑन करा, डिफॉल्टला ते ऑफ असतं. मग नडणारी क्वेरी एक्स्प्लेन ॲनालाइझ (कुठे किती वेळ गेला ते दाखवणारी कमांड) लावून चालवा आणि सोबत बफर्स हा ऑप्शन द्या. खरी गंमत बफर्सच्या ओळीत असते, ती लोक वाचतच नाहीत, वरचा एकूण टाइम बघतात आणि पळतात.

माझ्यासमोर आलेलं उदाहरण सांगतो. ऑर्डरचं टेबल, ६ जीबीचं, पावणेपाच कोटी रेकॉर्ड. एका मोठ्या कस्टमरच्या सगळ्या ऑर्डरची तारीख आणि रक्कम काढायची, रेकॉर्ड निघणार ९१ हजार. कस्टमर आयडीवर इंडेक्स आहे, प्लॅनमध्ये (डेटाबेसने क्वेरी कशी चालवली त्याचा आराखडा) इंडेक्स स्कॅन दिसतोय, म्हणजे वरवर सगळं ठीक. बफर्सच्या ओळीत शेअर्ड हिट (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या मेमरीत सापडलेली पेजं) दोन हजारच्या आसपास, रीड (बाहेरून आणलेली) ८४,०००, आणि आयओ टायमिंगमध्ये ७,९८० मिलिसेकंद.

आता साधा भागाकार करा. ७,९८० भागिले ८४,०००, म्हणजे एका पेजला ०.०९५ मिलिसेकंद, म्हणजेच ९५ मायक्रोसेकंद. डिस्क अगदी ठणठणीत आहे! ती एका रीडला जेवढा वेळ घ्यायला पाहिजे तेवढाच घेतेय. दुखणं एवढंच की ८४ हजार वेळा एकेक करून तिच्याकडे गेलोय. शेड्युलर बदलून इथे काय घंटा होणार होतं.

हा भागाकार पाठ करून ठेवा, सगळ्यात कामाचा आहे. उत्तर ५-१० मायक्रोसेकंदच्या घरात आलं तर ते पेज डिस्कवरून आलेलंच नाही, ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेज कॅशमधून आलंय, कारण पोस्टग्रेससाठी रीड म्हणजे स्वतःच्या शेअर्ड बफर्सच्या बाहेरून आणलं एवढंच, ते रॅममधून आलं की एसएसडीवरून हे त्याला कळत नाही. ८० ते १५० आलं तर लोकल एनव्हीएमई नीट चालतेय. अर्धा-एक मिलिसेकंद आलं तर मधे नेटवर्क आहे, क्लाउडची डिस्क वगैरे, तिथे ते नॉर्मल आहे. आणि लोकल डिस्क असून एक-दोन मिलिसेकंद येत असेल तर मात्र डिस्कच्या बाजूला खरंच काहीतरी झोल आहे, किंवा तिच्यावर त्याच वेळी कोणीतरी ढीगभर लिहितंय.

मायएसक्यूएलवाल्यांनी ग्लोबल स्टेटसमधले दोन काउंटर बघायचे, इनोडीबी_बफर_पूल_रीड_रिक्वेस्ट्स आणि इनोडीबी_बफर_पूल_रीड्स. इनोडीबी म्हणजे मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन आणि बफर पूल म्हणजे त्याची रॅममधली कॅश. पहिला म्हणजे पेज किती वेळा मागितलं, दुसरा म्हणजे बफर पूलमध्ये सापडलं नाही म्हणून बाहेर जावं लागलं असं किती वेळा झालं. सर्व्हर सुरू झाल्यापासूनची बेरीज बघून काही कळत नाही, कामाच्या वेळेत दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा घ्या आणि वजाबाकी करा.

सोबत दुसऱ्या टर्मिनलमध्ये आयओस्टॅट (डिस्कचं काम दाखवणारी लिनक्सची कमांड) एक्स फ्लॅग लावून दर सेकंदाला चालू ठेवा. त्यात आर_अवेट म्हणजे एका रीडला सरासरी किती वेळ गेला, तो मिलिसेकंदात असतो, एक्यू-एसझेड म्हणजे सरासरी किती रिक्वेस्ट रांगेत किंवा डिस्कच्या हातात आहेत, आणि आरएआरईक्यू-एसझेड म्हणजे एका रीडचा सरासरी साइज. शेवटच्या कॉलममध्ये युटिलायझेशनचा टक्का असतो, तो १०० दिसला की लोक घाबरून नवी डिस्क मागवायला धावतात, पण एसएसडीसाठी तो आकडा फसवा आहे, आयओस्टॅटच्या मॅन पेजमध्येच लिहिलंय की समांतर काम करणाऱ्या डिस्कची मर्यादा त्यातून कळत नाही. त्याचा अर्थ फक्त एवढा की त्या सेकंदात डिस्क कधीच पूर्ण रिकामी नव्हती. एका वेळी एकच रिक्वेस्ट देत राहिलात तरी तो १०० दाखवेल. माझ्या त्या क्वेरीच्या वेळी तो ९९ होता आणि एक्यू-एसझेड ०.९८, म्हणजे डिस्कच्या पन्नास खिडक्या उघड्या आणि आमची रांग एकाच खिडकीवर.

डिस्क खरंच पूर्ण ताकदीने लागलीये का

हे पाच मिनिटांचं काम आहे पण करून घ्याच. एलएसपीसीआय ही कमांड डबल व्ही लावून चालवा, एसएसडीचा भाग शोधा, लिंक कॅपॅबिलिटी आणि लिंक स्टेटस अशा दोन ओळी असतात. कॅपॅबिलिटीमध्ये एक्स४ (चार लेन, म्हणजे डेटा जायच्या चार वाटा) आहे आणि स्टेटसमध्ये एक्स२ किंवा एक्स१, शेजारी डाउनग्रेडेड असं लिहिलेलं, तर तुमची डिस्क अरुंद बोळातून चाललीये. एका मशीनवर आमचे पॉइंट क्वेरीवाले (एकेक रेकॉर्ड काढणारे) सगळे खूष होते पण रात्रीचा रिपोर्ट काही केल्या सेकंदाला ८५०-९०० एमबीच्या वर हलत नव्हता, डिस्क मात्र साडेतीन जीबीवाली. शेवटी कळलं की ज्या ॲडॉप्टर कार्डावर ती बसवली होती त्याला एकच लेन जोडलेली, पीसीआयई ३.० ची एक लेन म्हणजे एक जीबीच्या जरा आतच. छोट्या रँडम रीडला लेन कमी असल्याचं फारसं जाणवत नाही, त्यामुळे असली चूक महिनोन्महिने लपून राहते. साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडी असेल तर तिला साडेपाचशे एमबीच्या आसपास छत आहेच आणि रांगही एकच, ३२ रिक्वेस्टची, एनव्हीएमईला स्पेसिफिकेशनप्रमाणे ६५ हजारांवर रांगा असू शकतात. डेटाबेस साटावर असेल आणि एकाच वेळी वाचणारे भरपूर असतील तर ट्यूनिंगमध्ये जीव काढण्यापेक्षा एनव्हीएमई घ्या, सरळ सांगतो.

तापमान बघा. एनव्हीएमई कमांडच्या स्मार्ट-लॉगमध्ये दिसतं, आणि तापमान वॉर्निंगच्या वर किती मिनिटं होतं त्याचा काउंटरही तिथेच असतो. तो वाढत असेल तर डिस्क गरम होऊन स्वतःच हळू होतेय, हीटसिंक लावा, हवा खेळती करा, बाकी काही करू नका.

मग रिकामी जागा. एसएसडी कोंबून भरली की तिच्या कंट्रोलरला आतली साफसफाई करायला जागा उरत नाही. नँडमध्ये वाचणं-लिहिणं पेजच्या (हे चिपचं पेज, डेटाबेसचं नाही) हिशोबाने होतं पण पुसणं मोठ्या ब्लॉकच्या हिशोबाने, आणि एक ब्लॉक पुसायला काही मिलिसेकंद लागतात. तुमचं रीड नेमकं त्या चिपवर येऊन अडकलं तर १०० मायक्रोसेकंदचं काम कित्येक पटीने लांबतं. १०-२० टक्के जागा पार्टिशन न करता सोडून द्या, आणि ट्रिम (पुसलेल्या फाइलची जागा मोकळी झाली हे एसएसडीला सांगणं) चालू आहे का बघा, बहुतेक डिस्ट्रोमध्ये एफएसट्रिमचा टायमर आठवड्यातून एकदा चालतो, सिस्टीमसीटीएलने तो एनेबल आहे का तेवढं तपासा. माउंट करताना डिस्कार्ड ऑप्शन लावून प्रत्येक डिलीटला ट्रिम पाठवण्यापेक्षा हा आठवड्याचा बरा. हार्डवेअर रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या) कार्डाच्या मागे डिस्क असेल तर ट्रिम तिच्यापर्यंत पोचतं का ते वेगळं बघावं लागेल, बऱ्याच कार्डांवर पोचत नाही.

अजून एक, डीरॅम (डिस्कची स्वतःची मेमरी) नसलेल्या स्वस्त डिस्क. कुठलं पेज कुठल्या चिपवर आहे याचा नकाशा एसएसडीला ठेवावा लागतो, १ टीबीला साधारण १ जीबी डीरॅम असा हिशोब असतो, ती नसली की नकाशाचा बराचसा भाग फ्लॅशमध्येच, म्हणजे एका रीडसाठी कधीकधी दोन रीड. होस्ट मेमरी बफरने (मशीनच्या रॅमचा उसना घेतलेला तुकडा) थोडी मदत होते पण शेकडो जीबीवर विखुरलेलं रँडम रीड असेल तर तो तुकडा पुरत नाही. लॅपटॉपला चालतं, डेटाबेसला नको.

डिस्क एकटीची चाचणी घ्यायला एफआयओ वापरा. रँडरीड, ब्लॉक साइज पोस्टग्रेससाठी ८ के आणि इनोडीबीसाठी १६ के, डायरेक्ट १ (म्हणजे पेज कॅश टाळून), फाइल मोठी. आयओडेप्थ (एका वेळी किती रिक्वेस्ट) आधी १, मग ८, मग ३२, आणि प्रत्येक वेळी सरासरी सोडून ९९ पर्सेंटाइल (शंभरातली ९९ रीड ज्या वेळात झाली तो आकडा) लिहून ठेवा. यात दोन खड्डे आहेत, दोन्हीत मी पडलोय. पहिला म्हणजे आयओ इंजिन सांगितलं नाही तर लिनक्सवर ते डिफॉल्टला साधं सिंक्रोनस घेतं आणि मग आयओडेप्थ ३२ लिहा नाहीतर ३२०, ती १ च राहते. लिबएआयओ किंवा आयओ_युरिंग स्पष्ट लिहा. दुसरा खड्डा कोऱ्या डिस्कचा. ज्या जागेवर कधी काही लिहिलंच नाही ती वाचायला सांगितली की एसएसडी फ्लॅशला हातसुद्धा लावत नाही, नकाशात बघते आणि शून्यं परत करते, आणि असला भारी आकडा येतो की तुम्ही टीमला स्क्रीनशॉट पाठवता. आधी फाइल पूर्ण लिहून घ्या, मग वाचा. आणि फाइलऐवजी डायरेक्ट डिव्हाइसवर चालवत असाल तर एफआयओचा रीडओन्ली फ्लॅग लावल्याशिवाय एंटर दाबू नका, चुकून राइट टेस्ट लागली तर डेटाबेस गेला.

कर्नलची बटणं, भराभर

शेड्युलर, म्हणजे डिस्ककडे जाणाऱ्या रिक्वेस्टचा क्रम ठरवणारा. सिस फोल्डरमध्ये ब्लॉक, मग डिव्हाइसचं नाव, मग क्यू, त्यात शेड्युलर नावाची फाइल, ती कॅट करा, चौकटी कंसात जो दिसेल तो चालू. एनव्हीएमईला नन पाहिजे आणि बहुतेक ठिकाणी तोच असतो. साटा एसएसडीला एमक्यू-डेडलाइन ठीक आहे. नूप आणि सीएफक्यू लावा सांगणारं काही वाचलंत तर ते जुनं आहे, ते शेड्युलर २०१९ मध्ये कर्नल ५.० ला काढूनच टाकले.

नोएटाइम (फाइल कधी वाचली ते लिहू नको असं सांगणारा माउंट ऑप्शन) लावा, नुकसान नाही, पण त्यातून वेग मिळेल ही आशा सोडा. रिलेटाइम (ती वेळ क्वचितच लिहिणारा ऑप्शन) २००९ च्या कर्नल २.६.३० पासून डिफॉल्ट आहे, प्रत्येक रीडला टाइमस्टँप लिहायचे दिवस कधीच गेले.

रीडअहेडवर (मागितल्याच्या पुढचंही आधीच वाचून ठेवणं) मात्र थांबू, कारण इथे चुकीचा सल्ला सगळ्यात जास्त फिरतो. एसएसडी आहे ना, मग रीडअहेड शून्य करा, असं सांगतात. डिफॉल्ट असतं १२८ केबी. आता हे कोणाला लागू पडतं बघा. इनोडीबी ओ_डायरेक्टवर चालत असेल तर ते पेज कॅश टाळूनच वाचतं, त्याच्या डेटा फाइलला कर्नलच्या रीडअहेडने काही फरक पडत नाही, शून्य करा नाहीतर हजार. पोस्टग्रेस साध्या रीड कॉलने वाचतं, कर्नल पॅटर्न ओळखतो, रँडम असेल तर उगाच पुढचं ओढत नाही, आणि सिक्वेन्शियल स्कॅनच्या वेळी मात्र तेच रीडअहेड त्याचा आधार असतं, निदान १७ व्या व्हर्जनपर्यंत तरी. ते शून्य केलंत तर फुल टेबल स्कॅन छोट्या-छोट्या घासांनी एकेक करून चालणार, म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. मोठे रिपोर्ट चालत असतील तर उलट १ ते ४ एमबीपर्यंत वाढवून बघा. कमी करायचं ते फाइल एममॅप करून (थेट मेमरीला जोडून) वाचणाऱ्या डेटाबेसला, कारण तिथे एक पेज लागलं तरी कर्नल आजूबाजूचं ओढून आणतो, त्यातलं लागतं कमी आणि कॅश मात्र भरते. ब्लॉकडेव्ह कमांडने आकडा बघत असाल तर तो ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असतो, २५६ दिसलं म्हणजे १२८ केबी, यात भलेभले गोंधळतात.

सीपीयूचा गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवा आणि त्याच्या खोल झोपेवर (सी-स्टेट) मर्यादा घाला, नुसता गव्हर्नर ती झोप थांबवत नाही. कारण ऐका, रीड होईपर्यंत सीपीयूला काम नसतं म्हणून तो झोपतो, खोल झोपेतून उठायला त्याला कित्येक मायक्रोसेकंद लागतात, आणि तुमचं अख्खं रीडच १०० मायक्रोसेकंदचं, त्यात ही भर. एका वेळी एक रिक्वेस्टवाल्या क्वेरीला हे जाणवतं. ट्यून्ड (लिनक्सची ट्यूनिंग सर्व्हिस) असेल तर लेटन्सी-परफॉर्मन्स प्रोफाइल लावलं की काम झालं. डिस्क लक्सने (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) एन्क्रिप्टेड असेल तर कर्नल ५.९ पासून डीएम-क्रिप्टला (ते काम करणारा कर्नलचा भाग) नो_रीड_वर्कक्यू हा फ्लॅग आहे, फास्ट एनव्हीएमईवर तो बराच फरक पाडू शकतो.

डेटाबेसला सांगा की खाली एसएसडी आहे

पोस्टग्रेसमध्ये रँडम_पेज_कॉस्ट (विखुरलेलं पेज वाचणं प्लॅनरने, म्हणजे प्लॅन निवडणाऱ्या भागाने, किती महाग धरायचं ते) डिफॉल्ट ४.० असतं आणि सलग वाचायचं सीक_पेज_कॉस्ट १.०. एसएसडीला १.१ करा असं सगळे सांगतात, मीही सांगायचो. पण यातली खोच फार कमी लोक बघतात. त्या ४ चा अर्थ डॉक्युमेंटेशनमध्ये असा दिलाय की फिरत्या डिस्कवर रँडम रीड ४० पट महाग धरलंय आणि त्यातले ९० टक्के कॅशमध्ये सापडतील असं धरलंय. म्हणजे या आकड्यात डिस्कइतकाच कॅशचाही हिशोब आहे. आता वरचं उदाहरण घ्या, डिस्कवरून एकेक करून पेज आणायला ९५ मायक्रोसेकंद, आणि तीच डिस्क सलग २ जीबी सेकंदाने वाचली तर एका ८ केबी पेजला जेमतेम ४ मायक्रोसेकंद. वीस पटीहून जास्त फरक, एसएसडीवरसुद्धा! ते ६ जीबीचं अख्खं टेबल सलग वाचलं असतं तर डिस्कच्या हिशोबाने ३ सेकंदात झालं असतं, आणि इंडेक्सने गेलो म्हणून ८ लागले.

म्हणून माझा आत्ताचा नियम असा आहे, रोज लागणारा डेटा बऱ्यापैकी रॅममध्ये मावत असेल तर १.१ बिनधास्त. डेटा रॅमच्या कित्येक पट असेल तर १.५ ते २ पासून सुरू करा. काहीही असलं तरी आधी फक्त सेशनमध्ये सेट करून दोन-चार नडणाऱ्या क्वेरीचे प्लॅन बघा, मगच कॉन्फिगमध्ये टाका. थोडा डेटा एसएसडीवर आणि थोडा जुन्या डिस्कवर असेल तर हा आकडा टेबलस्पेसला (डेटा ठेवायची वेगळी जागा) वेगळा लावता येतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

इफेक्टिव्ह_आयओ_कॉन्करन्सी हे दुसरं सेटिंग, आणि एकदम रांगेत बऱ्याच रिक्वेस्ट टाकायचं खरं बटण हेच. १७ पर्यंत डिफॉल्ट १, म्हणजे जवळपास बंदच. एनव्हीएमईवर ६४ ते २०० करून बघा. पण ते मुख्यतः बिटमॅप हीप स्कॅनला लागू होतं, साध्या इंडेक्स स्कॅनला नाही. बिटमॅप स्कॅन आधी सगळे पत्ते गोळा करतो, पेजच्या क्रमाने लावतो, मग पुढची पेजं आधीच मागवून ठेवतो. माझी ती क्वेरी बिटमॅपवर नेऊन कॉन्करन्सी ६४ केली तेव्हा तेच ८४ हजार रीड होऊनसुद्धा आठवरून दीडेक सेकंदावर आली, आणि आयओस्टॅटमध्ये एक्यू-एसझेड पहिल्यांदा एकच्या वर सरकला, आर_अवेट जराही न बिघडता.

पोस्टग्रेस १८ मध्ये असिंक्रोनस आयओ आलंय, हे सेटिंग डिफॉल्टलाच १६ आहे आणि आयओ_मेथड नावाचं नवं सेटिंग आहे, डिफॉल्ट वर्कर, लिनक्सवर तसं बिल्ड केलेलं असेल तर आयओ_युरिंग लावता येतं. सिक्वेन्शियल स्कॅन, बिटमॅप हीप स्कॅन आणि व्हॅक्यूमला (मेलेल्या रेकॉर्डची साफसफाई) त्याचा फायदा होतो, साधा इंडेक्स स्कॅन तिथेही एकेक करूनच. वर्कर ठेवला असेल तर आयओ_वर्कर्स डिफॉल्ट ३ आहेत, मोठ्या मशीनवर वाढवा. पॅरलल क्वेरीनेही रांग वाढते, कारण प्रत्येक वर्कर आपापलं रीड टाकतो, मॅक्स_पॅरलल_वर्कर्स_पर_गॅदर २ असतं ते रिपोर्टच्या सेशनमध्ये ४ करून बघायला हरकत नाही.

शेअर्ड_बफर्स १२८ एमबीवर पडलेलं असेल तर रॅमच्या पाव करा. इफेक्टिव्ह_कॅश_साइज अर्धी ते पाऊण रॅम लिहा, ते मेमरी घेत नाही, प्लॅनरला फक्त अंदाज देतं.

मायएसक्यूएलकडे इनोडीबी_बफर_पूल_साइज हाच राजा, डिफॉल्ट तिथेही १२८ एमबीच, मशीन फक्त डेटाबेससाठी असेल तर ६०-७५ टक्के रॅम द्या. फ्लश मेथड ओ_डायरेक्ट, नाहीतर तीच पेजं बफर पूलमध्येही आणि पेज कॅशमध्येही, रॅम दुप्पट खर्च. फ्लश_नेबर्स शून्य, ८.० पासून तसंच असतं. आणि इनोडीबी_आयओ_कपॅसिटी वाढवून रीड फास्ट होतील म्हणून लोक २० हजार लिहून ठेवतात, त्याचा संबंध मागे चालणाऱ्या फ्लशिंगसारख्या (बदललेली पेजं डिस्कवर उतरवणं) कामांशी आहे, उगाच वाढवलंत तर जास्त लिहिलं जाऊन तुमच्या रीडलाच धक्का. रीड_आयओ_थ्रेड्सचंही तसंच, ते रीडअहेडसाठी, तुमची क्वेरी स्वतःचं पेज स्वतःच वाचत बसते.

खरा फरक इथे पडतो

८४ हजार पेजं का वाचावी लागली? ९१ हजार रेकॉर्डसाठी ८४ हजार पेजं म्हणजे जवळपास प्रत्येक रेकॉर्ड वेगळ्या पेजवर. ऑर्डर जशा आल्या तशा टेबलात पडत गेल्या, एका कस्टमरचा माल सगळ्या टेबलभर सांडलेला. १३० बाइटच्या एका रेकॉर्डसाठी ८ केबी उचलतोय, आणि हेच दुखणं मायएसक्यूएलमध्ये असेल तर १६ केबी.

पोस्टग्रेसमध्ये याच्यावर कव्हरिंग इंडेक्स. कस्टमर आयडी आणि तारखेवर इंडेक्स, आणि रक्कम इन्क्लूडमध्ये, हे ११ व्या व्हर्जनपासून जमतं. आता क्वेरीला टेबलाकडे जायचं कामच नाही. इंडेक्समधली एक नोंद ३६ बाइटच्या आसपास, एका पेजवर दोनशे नोंदी, म्हणजे ९१ हजारांसाठी साडेचारशे पेजं. एकेक करून वाचली तरी ५० मिलिसेकंदच्या आत. फक्त प्लॅनमध्ये इंडेक्स ओन्ली स्कॅनच्या खाली हीप फेचेस किती आहेत ते बघा, तो आकडा मोठा असेल तर व्हिजिबिलिटी मॅप (कुठल्या पेजवरचे सगळे रेकॉर्ड सगळ्यांना दिसतात याची नोंद) शिळा झालाय आणि ते परत टेबलाकडे चाललंय, टेबलावर व्हॅक्यूम चालवा आणि ऑटोव्हॅक्यूम त्या टेबलापुरतं जास्त वेळा चालेल असं करा.

सगळेच कॉलम लागत असतील तर कव्हरिंग इंडेक्स परवडत नाही, मग टेबलच कस्टमरच्या क्रमाने लावून घ्यायचं. क्लस्टर कमांड ते करते पण तोपर्यंत टेबलाला पूर्ण लॉक, चालू सिस्टीमवर पीजी_रीपॅक बघा, आणि नवीन रेकॉर्ड परत विस्कटत जातात हे धरून चाला. इनोडीबीत टेबल प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवलेलं असतं, त्यामुळे प्रायमरी की आधी कस्टमर मग ऑर्डर अशी ठेवली तर हे फुकटात मिळतं, आणि रँडम यूयूआयडी की ठेवली असेल तर नेमकं उलटं होतं.

लिहिणारे वाचणाऱ्यांना अडवतात

रीड एरवी छान आणि दर पाच मिनिटांनी झटका येत असेल तर चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवायचं काम) बघा. पोस्टग्रेसमध्ये चेकपॉइंट_टाइमआउट ५ मिनिटं आणि मॅक्स_वॉल_साइज (वॉल म्हणजे बदल आधी लिहून ठेवायचा लॉग) १ जीबी असतं, जोरात लिहिणाऱ्या सिस्टीमवर १ जीबी वेळेच्या आधीच भरतं आणि सारखे चेकपॉइंट पडतात. ते वाढवा, टाइमआउट १५-३० मिनिटं करा, कंप्लीशन टार्गेट ०.९ राहू द्या. किंमत एवढीच की क्रॅश झाला तर रिकव्हरीला जास्त वेळ. वॉल वेगळ्या डिस्कवर टाकता आलं तर उत्तम, आणि ती डिस्क पॉवर लॉस प्रोटेक्शनवाली पाहिजे, म्हणजे कॅपॅसिटर असलेली, तिच्यावर एफसिंक (डेटा पक्का लिहिला गेला याची खात्री करणारा कॉल) पटकन परत येतं.

क्लाउडवर असाल तर आधी व्हॉल्यूमची मर्यादा वाचा. ॲमेझॉनच्या जीपी३ व्हॉल्यूमला मुळात ३,००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी एवढंच मिळतं, जास्तीचं वेगळं घ्यावं लागतं, तिथे शेड्युलर बदलून काय उपयोग. आणि स्नॅपशॉटमधून बनवलेलं व्हॉल्यूम पहिल्यांदा वाचताना हळू असतं कारण डेटा मागितल्यावर मागून येत असतो, त्यावर बेंचमार्क केलात तर फसाल, एकदा पूर्ण वाचून घ्या.

शेवटी तपासायचं कसं. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक वेळी गार कॅशवर. टेस्ट मशीनवर डेटाबेस बंद करा, सिंक मारा, ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ लिहा, परत चालू करा, मग क्वेरी. मायएसक्यूएल बंद होताना बफर पूलमधल्या पेजांची यादी लिहून ठेवतं आणि चालू होताना परत भरतं, टेस्टच्या वेळी ते बंद ठेवा नाहीतर गार वाटेल पण गार नसेल. नंतर तीच क्वेरी लगेच दुसऱ्यांदा चालवून गरम आकडाही लिहून ठेवा, प्रॉडक्शनवर दोन्हीच्या मधलं काहीतरी मिळतं. आणि सिस फोल्डरमध्ये हाताने लिहिलेलं सगळं रीबूटला उडतं, शेड्युलर, रीडअहेड सगळं, त्यामुळे जे टिकवायचं ते युडेव्ह रूलमध्ये (डिव्हाइस दिसताच आपोआप लागणारा नियम) किंवा ट्यून्ड प्रोफाइलमध्ये टाका. शेअर्ड_बफर्स आणि आयओ_मेथड बदललं तर पोस्टग्रेस रीस्टार्ट लागतो, रँडम_पेज_कॉस्टला नुसतं रीलोड पुरतं.